छोट्या इंजिनाला टर्बो: बसवण्याआधी इंजिन कसं तयार करायचं

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, बसवायचं डोक्यात आलं की माणूस आधी टर्बो विकत आणतो. मग तो टेबलावर पडून राहतो, येता-जाता त्याचा पंखा बोटाने फिरवला जातो, आणि ज्या इंजिनावर तो बसणार त्याची साधी कॉम्प्रेशन टेस्टही (सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी) झालेली नसते. हा क्रम उलटा करा. इंजिन आतून धड आहे का, त्याला वाढीव पेट्रोल पोचेल का, ऑईल टर्बोत जाऊन नीट परत येईल का आणि वाढलेली उष्णता बाहेर पडेल का, याची उत्तरं हातात आल्याशिवाय कुठला टर्बो घ्यायचा हेसुद्धा ठरवता येत नाही.

पुढची आकडेमोड एकाच इंजिनावर करतो, म्हणजे तुम्हाला आपले आकडे घालून तीच गणितं करता येतील. १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बोशिवायचं पेट्रोल इंजिन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७१ मिमी, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचं प्रमाण) १०:१, ताकद ८० हॉर्सपॉवर, इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत). इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये असेल तर हाय प्रेशर पंपापासून सगळंच बदलतं, ते इथे घेत नाही.

आणि पाना हातात घेण्याआधी एक काम. इंजिनात असा बदल केल्यावर गाडीची नोंदणी, प्रदूषण चाचणी आणि विमा यांचं काय होतं, हे आपल्याला लागू असलेल्या नियमांत वाचून घ्या. इंजिन बांधून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

किती बूस्ट घ्यायचा

बूस्ट म्हणजे वातावरणाच्या दाबावर वरून दिलेला दाब. वातावरणाचा दाब साधारण १ बार. त्यावर ०.५ बार दिला की मॅनिफोल्डमध्ये १.५ बार होतात, म्हणजे कागदावर दीडपट हवा आणि दीडपट ताकद, १२० हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, कारण हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूची) कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.५ बारला दाबलेली हवा ८० अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा विरळ असते. त्यात टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घ्यावं लागतं आणि एक्झॉस्टच्या वाटेत टर्बो स्वतःच अडथळा असतो. चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) धरून ११० हॉर्सपॉवर हा आपल्या इंजिनासाठी प्रामाणिक आकडा आहे.

बूस्ट किती, यापेक्षा तो कितव्या आरपीएमला येतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) दोन तऱ्हेने जातो. वरच्या आरपीएमला पिस्टनच्या वजनाने तो ताणला जाऊन तुटतो. खालच्या आरपीएमला मोठा टॉर्क ओढला की सिलिंडरमधल्या दाबाने तो वाकतो. अगदी छोटा टर्बो २००० आरपीएमलाच पूर्ण बूस्ट देतो. चालवायला ते फार छान वाटतं, पण कारखान्याच्या रॉडसाठी तीच सगळ्यात वाईट जागा. मूळ रॉड ठेवणार असाल तर पूर्ण बूस्ट ३००० ते ३५०० आरपीएमच्या पुढे येईल असा टर्बो निवडा, किंवा खाली बूस्ट आवरता येईल असं कंट्रोल लावा.

न खोलता तपासणी

इंजिन चांगलं गरम करा. चारही प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर चौथ्या सिलिंडरपर्यंत स्टार्टर दमतो आणि आकडा खोटा येतो. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत पाहिजेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

माझा जास्त भरवसा लीकडाऊन टेस्टवर आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती गळते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० टक्क्यांच्या पुढे गेलं तर हे इंजिन टर्बोसाठी नाही, आधी बांधायला घ्या. हवा कुठून गळते ते कान लावून ऐका. थ्रॉटल बॉडीतून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. मात्र कूलंट बघायचं असेल तर झाकण इंजिन गरम होण्याआधी, थंड असतानाच उघडून ठेवा.

ऑईल प्रेशरही खऱ्या गेजवर बघा, डॅशबोर्डवरच्या दिव्यावर नको. तो दिवा प्रेशर जवळपास संपल्यावरच पेटतो. इंजिन गरम असताना दर १००० आरपीएममागे साधारण ०.७ बार, म्हणजे ३००० ला २ बारच्या आसपास, हा जुना ठोकताळा आजही चालतो. त्याहून बरंच कमी असेल तर बेअरिंग किंवा ऑईल पंप झिजलाय, आणि टर्बो तिथूनच ऑईल घेणार आहे.

ठोका: इंजिन मारणारी गोष्ट

टर्बोची जी इंजिनं खराब झालेली मी बघितली, त्यात नुसत्या दाबाने गेलेलं क्वचितच होतं. बहुतेक ठोक्याने, म्हणजे नॉकिंगने, गेली होती. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला तिथून बाहेर पसरत जाते. तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण दबतं, तापतं, आणि ज्वाला पोचायच्या आत एकदम पेटलं तर दाबाची लाट पिस्टनवर आणि हेडवर आदळते. साध्या गाडीत हा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा ऐकू येतो. बूस्टवर असताना वाऱ्याच्या आणि एक्झॉस्टच्या आवाजात तो बुडून जातो. कानाला कळेपर्यंत पिस्टन गेलेला असतो.

माझ्या पहिल्या टर्बो इंजिनात हेच झालं. गाडी सुरेख चालत होती, तक्रार काही नव्हती. सहज प्लग काढले. तीन प्लगांचं पोर्सेलिन फिकट बदामी, स्वच्छ. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. भिंगाखाली धरला तर ठिपक्यांच्या मधोमध दोन-तीन चकचकीत गोळ्या, सुईच्या टोकाएवढ्या. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम होतं. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधला कठडा एका बाजूने तडकलेला दिसला. हे का झालं ते पुढे पेट्रोलच्या भागात सांगतो, कारण चूक तिथे होती.

ठोका आवरायचा पहिला मार्ग कॉम्प्रेशन रेशो कमी करणं. १०:१ वर ०.५ बार देणं हे साध्या पेट्रोलवर जोखमीचं आहे. माझं मत असं: इंजिन न खोलता जायचं असेल तर ०.३ ते ०.३५ बारवर थांबा, इंटरकूलर लावाच आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वापरा. त्याच्या पुढे जायचं तर इंजिन खोला आणि ८.५ ते ९:१ वर आणा. ही अडचण टर्बोच्या मोटारीइतकीच जुनी आहे. १९६२ सालची ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोसकट विक्रीला आलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिचा रेशो १०.२५:१ ठेवला होता, म्हणून ठोका आवरायला इनटेकमध्ये पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण सोडावं लागे. मिश्रणाची टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी करणारी यंत्रणाही सोबत द्यावी लागली होती.

रेशो कमी करायला अनेक जण जाड हेड गॅस्केट सुचवतात. ते का टाळायचं, हे गणितच सांगतं. आपल्या इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३०० सीसी. १०:१ साठी पिस्टन वर असताना उरणारी जागा ३०० भागिले ९, म्हणजे ३३.३ सीसी. ८.५:१ साठी ३०० भागिले ७.५, म्हणजे ४० सीसी. फरक ६.७ सीसी. ७१ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३९.६ चौरस सेंटिमीटर, तेव्हा एवढी जागा गॅस्केटमधून मिळवायची तर ते १.७ मिमी जास्त जाड हवं. आता पिस्टनची कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यामधली फट बघा. ती १ मिमीच्या आसपास असते तेव्हा कडेचं मिश्रण जोरात मधे ढकललं जातं आणि ज्वलन वेगाने उरकतं. त्या फटीत १.७ मिमीची भर घातली की ही ढवळण संपली, कडेला मिश्रण रेंगाळत राहिलं, आणि ठोका कमी करायला केलेला उपाय स्वतःच ठोक्याला जागा करून देतो. म्हणून ही ६.७ सीसी जागा पिस्टनच्या माथ्यावर खळगा असलेल्या पिस्टनमधून मिळवा. फट होती तशी राहते.

इंजिन खोलल्यावर

पिस्टन घेताना फोर्ज्ड (दाबून घडवलेले) घ्या. कारखान्याचे ओतीव पिस्टन रोजच्या कामाला उत्तम असतात, पण ते ठिसूळ. ठोका बसला की तडकतात. फोर्ज्ड पिस्टनमध्ये दोन मिश्रधातू नेहमी दिसतात, ४०३२ आणि २६१८. २६१८ जास्त चिवट, पण गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्यामुळे बोअरमध्ये जास्त क्लिअरन्स मागतो आणि थंड इंजिनात खुळखुळतो. रोज चालवायच्या गाडीला आणि अर्ध्या बारला मी ४०३२ घेतो. बोअर करणाऱ्याला पिस्टन हातात द्या आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्याच बोअरचं होनिंग (बारीक घासून नेमक्या मापाला आणणं) करून घ्या. पिस्टनवर आणि बोअरवर मार्करने क्रमांक लिहून ठेवा.

आता रिंग गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट. अख्ख्या बांधणीत मी सगळ्यात जास्त वेळ इथे देतो. बूस्टवर वरची रिंग जास्त तापते आणि लांब होते. दोन टोकं एकमेकांना भिडली की तिला जायला जागा उरत नाही. ती बोअर ओरबाडते आणि पिस्टनचा कठडा उचकटून काढते. टर्बोशिवायच्या इंजिनाला बोअर गुणिले ०.००४ हा नियम, आपल्याला ०.२८ मिमी. मध्यम बूस्टसाठी ०.००५ ते ०.००५५ ने गुणा, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. दुसऱ्या रिंगेला त्याहून किंचित जास्त, म्हणजे दोन रिंगांमध्ये गॅस अडकून वरची रिंग उचलली जात नाही. पिस्टनसोबत तक्ता आला असेल तर माझ्यापेक्षा त्याचं ऐका.

रिंग बोअरमध्ये घाला आणि पिस्टन उलटा धरून तिला २०-२५ मिमी खाली ढकला, म्हणजे ती सरळ बसते. वाकडी बसली तर गॅप खोटा दिसतो. फिलर गेजचं पान गॅपमध्ये घातलं की किंचित ओढ लागली पाहिजे; पान पडता कामा नये आणि दाबावंही लागू नये. घासायचं एकाच टोकाला, रिंगेच्या बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूकडे, म्हणजे बाहेरच्या मुलाम्याचे टवके निघत नाहीत. दोन-तीन हात मारले की काढा, पुसा, परत मोजा. गॅप वाढवता येतो, कमी करता येत नाही. शेवटी कडांची धार बारीक ऑईलस्टोनने मोडा. आठ रिंगांना एक पूर्ण संध्याकाळ जाते, आणि जाऊ द्यावी.

रॉड बाहेर आलेलेच आहेत तर ते सरळ आहेत का ते तपासून घ्या, बोल्ट नवे घाला. अर्ध्या बारला चांगले मूळ रॉड चालतात. क्रँकचे जर्नल (बेअरिंग बसतात त्या जागा) मायक्रोमीटरने मोजा, बेअरिंग नवीच घाला.

हेड आणि ब्लॉकचा सपाटपणा सरळ पट्टी आणि फिलर गेजने बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंगला (पृष्ठभाग सपाट कापायला) द्या. अनेक पदरी पोलादी गॅस्केट लावणार असाल तर फेसिंग करणाऱ्याला ते आधी सांगा, त्याला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो आणि जाड कापलेल्या पृष्ठभागावर ते गळतं. हेडचे मूळ बोल्ट ताणून बसवायच्या जातीचे असतील तर ते पुन्हा वापरू नका. बोल्टऐवजी स्टड घेणं मला जास्त पसंत आहे, कारण नट आवळताना ब्लॉकच्या आट्यांवर पीळ पडत नाही. स्टड बसवण्याआधी ब्लॉकमधली भोकं हवेने साफ करा. बंद भोकात ऑईल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर ते ऑईल दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो.

व्हॉल्व्ह घासून बसवा, सील नवे घाला, एक्झॉस्टचे गाईड ढिले असतील तर बदला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधून आणि गाईडमधून बाहेर टाकतो; तिथे ढिलाई असेल तर तो लाल होतो आणि मिश्रण वेळेआधी पेटवतो.

ऑईल: जाण्यापेक्षा येण्याची काळजी

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि साध्या बेअरिंगच्या टर्बोत तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑईल न्यायचं बहुतेक वेळा ऑईल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून, पोलादी जाळीच्या होजमधून. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर वाटेत साधारण १ मिमी भोकाचा रेस्ट्रिक्टर लागतो, साध्या बेअरिंगच्या टर्बोला बहुधा लागत नाही. ऑईलच्या जोडांना सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याचा एक तुकडा सुटून ऑईलच्या भोकात बसला की टर्बो काही मिनिटांत संपतो.

खरी चूक परतीच्या पाईपमध्ये होते. एक गाडी बघायला आली होती, सायलेन्सरमधून निळा धूर. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये तिचा टर्बो दोनदा बदलून झाला होता. खाली झोपून बघितलं तर परतीचा होज इंजिन माउंटला वळसा घालून किंचित वर चढत होता आणि मग चेंबरकडे (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीकडे) उतरत होता. चढ जेमतेम दोन बोटांचा. टर्बोतून निघणारं ऑईल फेसाळलेलं असतं आणि त्याला पाठीमागून दाब नसतो, ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्या दोन बोटांच्या चढाने ऑईल टर्बोतच साचत होतं आणि सीलवरून एक्झॉस्टमध्ये उतरत होतं. टर्बो दोन्ही वेळा चांगलाच होता.

म्हणून पाईप आतून निदान १६ मिमीचा घ्या, सगळा रस्ता उतरता ठेवा, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका आणि चेंबरमध्ये ऑईलच्या पातळीच्या वर सोडा. त्यासाठी चेंबरला वेल्डिंगने नळी जोडावी लागते. चेंबर गाडीवरून उतरवूनच ते करा. गाडीवरच भोक पाडून चुरा ग्रीसला चिकटून येतो असं म्हणणारे भेटतील. सगळा येत नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट म्हणजे क्रँककेसचा (इंजिनाच्या क्रँक असलेल्या खालच्या भागाचा) दाब. तो वाढला की परतीचं ऑईल अडतं. टर्बोशिवायच्या गाडीत क्रँककेसचे गॅस पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमने ओढले जातात. बूस्टमध्ये तिथे व्हॅक्युमऐवजी दाब असतो आणि तोच उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. त्या वाटेवर चांगला एकमार्गी व्हॉल्व्ह लावा, आणि टॅपेट कव्हरमधून दुसरा जाड पाईप ऑईल वेगळं करणाऱ्या डब्यातून टर्बोच्या आधीच्या इनटेकला जोडा. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्हही तपासा, तो धरत नसेल तर बूस्टरमध्ये दाब भरून ब्रेक दगडासारखा होतो.

पाणी आणि उष्णता

रेडिएटर आतून साफ, झाकण नवं, थर्मोस्टॅट नवा. टर्बोला पाण्याच्या नळ्या जोडायची सोय असेल तर त्या जोडाच. इंजिन बंद केल्यावर एक्झॉस्टच्या बाजूची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. पाणी ते थांबवतं. एक्झॉस्टचा गॅस पूर्ण लोडवर ९०० अंशांच्या आसपास असतो, तेव्हा जवळची वायर, ब्रेकची नळी आणि रबराचे भाग यांना पत्र्याचं कवच द्या.

पेट्रोल

जास्त हवा म्हणजे तेवढंच जास्त पेट्रोल. ११० हॉर्सपॉवर म्हणजे ८१ किलोवॅट. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर दर किलोवॅटमागे तासाला ३४० ग्रॅमच्या आसपास पितं असं धरा. ८१ गुणिले ३४०, म्हणजे तासाला साडेसत्तावीस किलो, मिनिटाला ४५९ ग्रॅम. पेट्रोलची घनता ०.७४ धरून मिनिटाला ६२० सीसी. चार इंजेक्टर, प्रत्येकी १५५. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये, म्हणून १५५ भागिले ०.८, म्हणजे १९४ सीसी. मी इथे २२० ते २४० चे घेईन. उगाच फार मोठे घेतले तर आयडलला गाडी नीट उभी राहत नाही.

आता माझ्या तडकलेल्या पिस्टनचं कारण. इंजेक्टर मी असेच हिशेबाने घेतले होते. पण गाडीत परतीची लाईन नव्हती. पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर टाकीत, आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) प्रेशर कायम ३ बार. इंजेक्टरच्या दृष्टीने महत्त्व असतं ते रेलमधल्या आणि मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या फरकाला. मॅनिफोल्डमध्ये ०.५ बार बूस्ट आला की फरक ३ चा २.५ होतो आणि पेट्रोल साधारण ९ टक्क्यांनी कमी पडतं, नेमकं जास्त लागतं तेव्हाच. त्यात पंप जुना होता आणि लोडवर त्याचं व्होल्टेजही उतरत होतं. मिश्रण पातळ झालं आणि सगळ्यात तापणाऱ्या सिलिंडरने ठोका घेतला. उपाय सोपा होता: मॅनिफोल्डचा दाब ओळखणारा रेग्युलेटर आणि परतीची लाईन. बूस्ट जेवढा चढेल तेवढंच रेल प्रेशर चढतं, फरक ३ बारच राहतो. तुमचा कंट्रोलर (इंजिन चालवणारा संगणक) हा फरक हिशेबात धरून इंजेक्टर जास्त वेळ उघडत असेल तर परतीची लाईन न लावताही चालतं, पण तेवढी इंजेक्टरमध्ये जागा ठेवा. पंपाला रिलेवरून जाड वायरने थेट बॅटरीचा पुरवठा द्या आणि ३.५ बारला तो मिनिटाला किती पेट्रोल देतो ते मोजमापाच्या भांड्यात मोजून बघा. हे मोजताना जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको, दार-खिडक्या उघड्या.

ठिणगी आणि कंट्रोलर

दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. प्लगचा गॅप १ मिमीवरून ०.६ ते ०.७ मिमीवर आणा आणि प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगवर बरोबर उलट. खरेदी करताना इथे गफलत होते.

कारखान्याचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला एकूण दाब, वातावरणाच्या दाबासकट, मोजणारा) साधारण १ बारपर्यंतच वाचतो. त्याच्या लेखी बूस्ट नावाची गोष्टच नसते. २ किंवा २.५ बारचा सेन्सर आणि तो समजून घेणारा कंट्रोलर लागतोच. फक्त रेल प्रेशर वाढवून भागवायचे जुने जुगाड माझ्या मते करू नयेत, कारण त्यात टायमिंग तसंच राहतं. सुरुवातीचा ठोकताळा असा: दर ०.०७ बार बूस्टमागे टायमिंग साधारण एक अंश मागे, म्हणजे ०.५ बारला सातेक अंश. मिश्रण पूर्ण बूस्टवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप; १ म्हणजे पेट्रोलला नेमकी पुरेल एवढी हवा) ०.८० च्या आसपास, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि पेट्रोल ११.८:१. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर हे गुणोत्तर बदलतं, म्हणून ट्यूनरशी (कंट्रोलर जुळवून देणाऱ्याशी) लॅम्डामध्येच बोला. एक्झॉस्टमध्ये लॅम्डा मोजणारा वाईडबँड सेन्सर कायमचा बसवा. अंतिम आकडे डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), नॉक ऐकणाऱ्या उपकरणासकट ठरतात.

क्लच विसरू नका. टॉर्क तिपटीने वाढत नसला तरी चाळीसएक टक्के वाढतो, आणि अर्धी झिजलेली प्लेट पहिल्याच दिवशी घसरते.

पहिला स्टार्ट आणि पहिले १००० किलोमीटर

सगळं जोडल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी इनटेकचा पाईप टर्बोच्या तोंडाशी बंद करा आणि थोडी थोडी हवा भरून ०.५ बारपर्यंत जा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर क्लॅम्प किंवा होज बघा. नळीच्या टोकाला उठाव नसेल तर कितीही आवळा, होज निसटतोच. वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) अॅक्चुएटरला हातपंपाने दाब देऊन तो किती बारला हलायला लागतो ते लिहून ठेवा.

टर्बोच्या ऑईलच्या तोंडात स्वच्छ ऑईल टाकून शाफ्ट हाताने फिरवा. मग पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंदांचे फेरे, मधे विश्रांती, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. परतीचा होज चेंबरच्या बाजूने सोडून खाली भांडं धरा आणि ऑईल खरंच येतंय हे डोळ्यांनी बघा. मगच तो लावून इंजिन सुरू करा.

नव्या रिंगांवर पहिले ५०० किलोमीटर बूस्टशिवाय, आरपीएम वर-खाली करत. ऑईल आणि फिल्टर बदला, जुनं ऑईल पांढऱ्या कापडावर ओतून चमक दिसते का ते बघा. पुढचे ५०० फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, लॉग (कंट्रोलरमधल्या आकड्यांची नोंद) घेत. जोरात चालवल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलला ठेवा.

१००० किलोमीटरला थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे आणि टर्बोचे नट पुन्हा तपासा, उष्णतेने ते सैल होतात. चारही प्लग काढून क्रमाने ओळीत मांडा आणि भिंग घ्या. चारही पोर्सेलिन स्वच्छ आणि एकसारखी दिसली तरच ट्यूनरला पुढच्या बूस्टचं विचारा. एकावर जरी मिरपूड दिसली, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून त्याचा फ्लो मोजायला द्या, आणि तोवर गाडी बूस्टवर नेऊ नका.